माझी सिनेमाची खेप

न पाहिलेल्या सिनेमावर तावातावानं भांडायची आमच्या शाळेत पद्धत होती, आणि तिच्यात काही चमत्कारिक आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या बोर्ली गावात थिएटर नव्हतं, वीज नव्हती, आणि मुंबईला जायचं तर दिघी बंदर गाठून बोट पकडायची. नकाशे, खडू, प्रयोगाच्या काचनळ्या असलं काही आणायला जो शिक्षक मुंबईला जाई, त्यानं तिथं एक सिनेमा बघायचा आणि परत आल्यावर शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिक्षकांच्या खोलीत तो सगळा सांगायचा. याला ‘खेप’ म्हणत. सांगून झालं की बाकीचे चिकित्सेला बसत. एकानं बघायचा, बाकीच्यांनी सोलायचा.

सोलणारे मुख्यत्वे तिघे. हेडमास्तर सिनेमातून बोध काय निघतो ते बघत, आणि निघाला नाही तर स्वतः काढत. संस्कृतचे शास्त्रीबुवा उभ्या जन्मात एकही सिनेमा न पाहिलेले, त्यामुळे त्यांची मतं सर्वांत ठाम. गणिताच्या मास्तरांचा जीव वेळेत अडकलेला. “नायिका पुण्याहून निघाली, गाणं तीन मिनिटांचं, आणि गाणं संपताना ती मुंबईत? कुठल्या गाडीनं?” हे ते सांगणाऱ्याला असं दरडावून विचारत की त्याला वाटावं, गाडी आपणच चुकवली.

मी तेव्हा बावीस वर्षांची, शाळेतली एकुलती एक बाई. भांडण ऐन रंगात आलं की मीही मध्ये काही बोलायची. लगेच तिघंही मान डोलावून म्हणत, “हो हो, बरोबर आहे बाई तुमचं,” आणि पुन्हा एकमेकांवर तुटून पडत. माझा संताप संताप व्हायचा. मला बरोबर ठरायचं नव्हतं हो, मला त्या भांडणात शिरायचं होतं! शेवटी मी खेप मागितली. मग गणिताचे मास्तर म्हणाले, “करू दे बाईंना एक खेप. जमली तर ठीक. नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.” मी म्हटलं, “कबूल.” आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही, ही गोष्ट मात्र मी पोटातच ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुंबईला गेले, गिरगावात मामांकडे उतरले आणि दुपारच्या खेळाला एकटी जाऊन बसले. काय सांगू! नायक परदेशी जायला निघतो. धक्क्यावर नायिकेच्या हातात एक बंद पाकीट देतो. बोट सुटते, लहान लहान होत जाते. ती पाकिटाकडे बघते, बोटीकडे बघते, पण पाकीट काही उघडत नाही. आणि भक्कन दिवे लागले. लोक उठले, मीही पदरानं डोळे पुसत उठले. दारावरच्या माणसानं हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवला. सिनेमा बघितल्याची खूण म्हणून देत असतील, केवढी ही रीतभात, असं म्हणत तो मी जपून पर्समध्ये टाकला आणि भारावल्यासारखी थेट मामांचं घर गाठलं.

शनिवारी मी सांगायला उभी राहिले. शेवटी हातातला रुमाल पाकिटासारखा धरून मी थांबले आणि म्हटलं, “संपला.”

“संपला?” शास्त्रीबुवा अर्धवट उठलेच. “पत्रात काय होतं?”

“ते दाखवलं नाही.”

त्यानंतर जे पेटलं ते शिमगा आला तरी विझेना. शास्त्रीबुवांचं म्हणणं, नायक-नायिकेचं मीलन झालंच पाहिजे, हा शेवट म्हणजे प्रेक्षकाचा विश्वासघात. हेडमास्तर म्हणत, छे, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे त्या नायिकेच्या संयमावर भाषण ठोकलं. गणिताचे मास्तर फळ्यावर बोटीचा वेग मांडून ती दिसेनाशी व्हायला किती वेळ लागेल याचं गणित करत. बाजारात शाळेच्या शिपायाची बायको मासळीची पाटी उतरवून मला अडवायची, “बाय, त्या पोरीनं चिट्टी फोडली का न्हाय? मी तं कवाच फोडली असती!” मी नुसती हसायची. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, हे तेव्हाच्या मला पाहून कुणालाही कळलं असतं. मात्र मी तोंड उघडलं की अजूनही “बरोबर आहे बाई” हेच येई.

आणि एका शनिवारी मास्तर गाण्यांची पुस्तिका घेऊन आले. थिएटरच्या दारात मिळे तसली, त्याच सिनेमाची. त्यांच्या पुतण्यानं मुंबईहून आणलेली. “बाई,” ते म्हणाले, “तुमच्या सांगण्यात गाणी चार. इथं छापलीत नऊ. नऊ वजा चार?”

“पाच,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“ही पाच गाणी कुठं गेली?”

पुस्तिकेत गोष्टही होती, पण बोटीपर्यंतच. पुढे लिहिलं होतं की उरलेलं पडद्यावर पाहावं. मास्तरांनी थोडा विचार केला. “बाहेर पडताना दारावर काही दिलं होतं?”

मी पर्समधला पुठ्ठा काढून मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवला.

“बाई, हा परत आत जायचा पास आहे. ती मधली सुट्टी होती.”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, ते त्या क्षणी मी अगदी मनापासून म्हटलं. “मला ठाऊक नव्हतं सिनेमाला मधली सुट्टी असते,” मी म्हटलं. “मी त्याआधी सिनेमाच पाहिला नव्हता. खेप जमली नाही. पुन्हा विषय काढणार नाही.”

पहिले शास्त्रीबुवा फुटले. “म्हणजे चार महिने मी मीलन मागत होतो ते मधल्या सुट्टीत!” त्यांची शेंडी हलायला लागली. हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला, “आणि मी प्रार्थनेला!” आणि तेही खुर्चीत वाकले. इकडे माझ्या डोळ्यांत पाणी आणि हे दात काढतायत! मला इतका राग आला की राग येता येता मीच खुदकन हसले, आणि मग मला कुणी आवरेना.

मास्तर तेवढे हसले नाहीत. हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले, “अट तुमची होती. बोला.”

मी टेबलावरचा पुठ्ठा उचलायला हात पुढे केला.

“गेल्या वर्षी मी दोन सिनेमे बघून आलो,” मास्तर म्हणाले. “घड्याळ लावून, पूर्ण. एक तरी कुणाला आठवतो?” कुणालाच आठवेना. “मलाही आठवत नाही. बाईंचा अर्धा मात्र चार महिने पुरला. पुढची खेप माझी आहे, ती बाईंना द्या. नवा सिनेमा बघू देत. याचं उरलेलं मात्र कुणी बघायचं नाही, आहे तो शेवट उत्तम आहे.”

“मी उरलेलंच बघणार,” मी म्हटलं. “पत्रात काय आहे ते मला कळायलाच हवं.”

“काय गरज?” हेडमास्तर गरजले. “सगळी मजा घालवाल!”

“बोध गेला तरी चालेल, पण बघा!” शास्त्रीबुवा ओरडले. “आणि मीलन असलं तरच सांगा!”

“का म्हणून? असेल ते सांगेन!” मीही आवाज चढवला. “तुम्हाला हवं तेवढंच सांगायला मी काय पुस्तिका आहे?”

मग तिघंही माझ्यावर तुटून पडले. मी एकेकाला उत्तर देत होते, कुणी माझं पुरतं ऐकून घेत नव्हतं, मीही कुणाचं घेत नव्हते. शिपाई चहा घेऊन दारात तसाच उभा. शेवटी मास्तरांनी टेबलावर हात आपटला आणि माझ्याकडे बोट करून खच्चून म्हणाले, “बाई, तुम्हाला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही!”

इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.