आखूड जीप आणि अप्पांचा संयम

हसू नका म्हणून सांगणार नाही, कारण तुम्ही हसणारच आहात. एवढंच करा, आधी तो चहाचा घोट गिळून घ्या. मागं हाच किस्सा सांगताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता आणि त्याची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तर मी एक जीप घेतली. जुनीच. दोन दारांची, आखूड, वर ताडपत्रीचं छप्पर, मागं समोरासमोर दोन बाकडी. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याची होती. त्याच्या बागेत ती बांधावरून अशी चढायची उतरायची की शेरडाच्या करडानं शिकवणी लावावी. आणि टायर? केवढे ते टायर! जाड, खाचाखाचांचे, चिखल चावून खाणारे. बघितली आणि मी गेलो कामातून.

माझं सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ पंखे, मिक्सरचं दुकान आहे. माझा आणि चिखलाचा संबंध काय? माझी बायको सुवर्णा, तिनंही हेच विचारलं.

"ह्यात बसून तुम्ही जाणार कुठं?"

"अगं, डोंगर चढते ही!"

"सोलापुरात डोंगर कुठाय?"

मी नुसतं टायरकडं बोट दाखवलं. मग तिनं निकाल दिला. "मी अप्पांवर सोडते. रविवारी अप्पा आणि अव्वा आपल्याकडं राहायला येणार आहेत. अक्कलकोटहून त्यांना ह्याच गाडीतून घेऊन या. अप्पा म्हणाले ठेवा, तर ठेवा. अप्पा म्हणाले विका, तर दुसऱ्या दिवशी दारात दिसायला नको."

मला लई आनंद झाला. अहो, अप्पा म्हणजे माझे सासरे, अव्वा सासूबाई, आणि त्यांच्या घरात जावयाच्या तोंडावर त्याची चूक काढायची रीतच नाही! लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चपला घालून त्यांच्या देवघरात शिरलो होतो. अप्पा काय म्हणाले असतील? "आज फरशी लई गार हाय, व्हय ना जावईबापू?" एवढंच. असा माणूस माझी गाडी विका म्हणेल? शक्यच नाही. मी जिंकल्यातच जमा होतो.

रविवारी सकाळी निघालो. गल्लीत जीप शहाण्या लेकरासारखी चालली. खड्ड्यातून तर अशी गेली की खड्ड्याला कळलं नाही. पण अक्कलकोटच्या चौपदरी रस्त्याला लागलो, जरा वेग घेतला आणि बाईसाहेबांचं डोकं फिरलं की! जरा डावीकडं जाते, मी उजवीकडं ओढतो, तर भलतीच उजवीकडं जाते. मग पुन्हा डावीकडं. रस्ता सरळ, वारा थोडासा, आणि आमची वरात नागमोडी.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मला एक खोड आहे, एखादी गोष्ट का होते ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं पंखा आवाज करतो, दुरुस्त करा. मी म्हणतो थांबा, आधी तो का करतो ते बघू. गिऱ्हाईक निघून जातं, पण मी बघतोच.

आणि तिथं चालत्या गाडीत मला ते उमगायला लागलं. लांब मोटारीत पुढच्या आणि मागच्या चाकांत ऐसपैस अंतर असतं. पुढं जरासं हललं तरी सगळं अंग वळायला वेळ लागतो. माझ्या जीपची पुढची आणि मागची चाकं एकाच खोलीत नांदल्यासारखी. पुढं शिंक आली की मागं सर्दी! त्यात उंच अंग, त्यात पोकळ ताडपत्री. शेजारून टँकर गेला की त्याचा वारा आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. त्यात ते चिखलाचे टायर डांबरावर नीट टेकत नाहीत, नुसते भुंग्यासारखे घुमतात. वा! मी इतका खूश झालो की वाटेतलं वळसंग कधी गेलं ते कळलं नाही.

अक्कलकोटला पोचलो तेव्हा माझा अवतार काय होता, तो नीट ऐका. बाजूला काचा नाहीत, त्यामुळं डोळ्यांत वारा आणि धूळ जाऊन डोळे लालभडक. टायरच्या घुमण्यानं कान बधिर, त्यामुळं मी बोलतोय ते ओरडून. आणि गाडी उंच, पाय हादरून मुंग्या आलेले. उतरताना जो तोल गेला, तो थेट अप्पांच्या गळ्यात पडलो!

"अप्पाऽऽ!" मी ओरडलो. "काय मजा आली म्हणून सांगू! अहो, सगळा रस्ता नुसता डुलत आलो!"

अप्पांनी अव्वांकडं बघितलं. अव्वांनी अप्पांकडं बघितलं.

तुम्हाला कळलं ना? बरोबर. फक्त मला कळलं नाही.

"जावईबापू," अप्पा हळूच म्हणाले, "जरा लिंबू सरबत घेता का?"

"द्या की!"

एक तांब्याभर दिलं. मी संपवलं. अव्वांनी आणखी एक आणला, साखर न घालताच. आंबट ढाण! मी म्हटलं वय झालं बिचाऱ्यांचं, विसरल्या असतील. तोही संपवला.

"आज राहा की हितंच," अप्पा म्हणाले. "उद्या जाऊ."

"छे छे! तुम्हाला गाडीत बसवायचंय ना मला!"

निघालो. अप्पा पुढं माझ्या शेजारी, अव्वा मागं बाकड्यावर, मांडीवर कडक भाकरीचं गाठोडं. अव्वा अंगानं भरभक्कम आहेत, हे लक्षात ठेवा. हायवेला लागलो आणि गाडीनं आपला नाच सुरू केला. अप्पांनी समोरची दांडी धरली, दोन्ही हातांनी.

मला वाटलं त्यांना गोडी लागली. मग मी समजावून सांगायला लागलो. ओरडून, कारण टायर घुमत होते. एका हातानं चालवत, कारण दुसऱ्या हातानं चाकं दाखवायची होती.

"अप्पा, हिचा दोष नाही! ही आखूड आहे! हे बघा, स्टिअरिंग एवढंसं हलवलं की..."

दाखवलं. गाडी सटकन शेजारच्या पट्ट्यात. मागून एका ट्रकनं जो भोंगा दिला, तो अक्कलकोटात ऐकू गेला असेल.

"अय्यो शिवा!" मागून अव्वा.

"बघितलंत? लगेच ऐकते!"

"व्हय, व्हय, बघितलं," अप्पा म्हणाले. "आता नका दाखवू."

पण माझ्या डोक्यात नवीनच किडा. मागचा भाग हलका आहे म्हणून तर डुलत नसेल? आणि मागं चांगलं वजन आयतं बसलेलं होतं!

"अव्वा, जरा डाव्या बाकड्यावर सरका बरं!"

सरकल्या बिचाऱ्या.

"आता उजव्या! हां... आता दोन्ही बाकड्यांच्या मधोमध, खाली बसा!"

सांगायला लाज वाटते, पण सासूबाईंना मी पोत्यासारखं हलवत होतो आणि प्रत्येक वेळी फरक पडला का म्हणून गाडी मुद्दाम जरा हलवून बघत होतो. अव्वा खाली बसून गाठोड्याला कवटाळून नामस्मरण करायला लागल्या. मला वाटलं त्यांना प्रवासात देवाचं नाव घ्यायची सवय असेल.

वळसंगजवळ अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, ताक पिऊ."

थांबलो. एका टपरीवर ताक घेतलं, लसूण लावलेलं. एक गलास झाला, दोन झाले. अप्पा तिसरा गलास पुढं करत म्हणाले, "प्या प्या, बरं वाटंल."

"मला बरंच वाटतंय की!"

"तसंच वाटत असतं," अप्पा म्हणाले आणि मोबाईल घेऊन लांब गेले. पाठ करून, हळू आवाजात, कानडीत किती तरी वेळ बोलत होते. सुवर्णाला लावला असणार! मला कानडी जेवा, बसा, या एवढंच येतं, पण म्हटलं गाडीचं कौतुक चाललंय. तिला आत्ताच्या आत्ता सांगावंसं वाटलं बघा त्यांना! माझी छाती फुगली.

परत आले आणि म्हणाले, "चावी सापडत न्हाय." चावी मीच त्यांच्याकडं धरायला दिली होती. अप्पा उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले असतील, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी शोधतो. तवर तुमी त्या कडुलिंबाखाली जरा पडा की."

"झोपू?"

"पडाच."

अव्वांनी स्वतःची शाल अंथरली. दोन लिंबू सरबतं, तीन ताकं, वर लिंबाची सावली! जो झोपलो तो उन्हं कलल्यावर उठलो. शेजारी अप्पा पंच्यानं माझ्यावरच्या माश्या हाकत बसले होते. एवढं प्रेम! माझे डोळे भरून आले. डोळ्यांची लाली गेली होती, ती परत आली.

चावीही सापडली. खिशातच होती म्हणे.

आता ऐका, शोध इथंच लागला. झोपून उठल्यावर अंग सैल, हात सैल. मी स्टिअरिंग आवळून धरलंच नाही, नुसतं बोटांनी टेकवलं. वेगही कमी ठेवला. टँकर शेजारून गेला, गाडी जराशी डुलली, मी काही केलं नाही, आणि ती आपली आपण सरळ झाली! अहो, आखूड गाडी झटकन ऐकते. आपण घाबरून हिसका दिला की ती तोही ऐकते, मग आपण उलटा हिसका देतो, ती तोही ऐकते. निम्मं डुलणं तिचं नव्हतंच, माझ्या मनगटाचं होतं!

"अप्पा, बघा! कशी सरळ चालली!"

"व्हय की," अप्पा खूश होऊन म्हणाले. "ताकाचा गुण."

"ताकाचा कसा? हाताचा!"

"आता काय का असंना, उतरली एवढं बास."

उतरली? गाडी चढ उतरली असेल म्हटलं. त्या रस्त्याला चढ नाही हे तेव्हा सुचायला नको?

कुंभारी मागं पडलं, शहर आलं, घरासमोर मी अशी मोजून मापून गाडी लावली की टाळ्या वाजवाव्यात. सुवर्णा दारातच उभी. कमरेला पदर खोचलेला.

"काय म्हणाले अप्पा फोनवर?" मी उत्साहानं विचारलं. "ठेवायची ना गाडी?"

"तोंड उघडा."

"आँ?"

"उघडा तोंड!"

आईवडिलांच्या समोर तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला! लिंबू, ताक, लसूण ह्यांचा एकदम भपकारा गेला असणार, दोन पावलं मागं सरकली. "कळतच नाही काही ह्यात!" म्हणाली. "खरं सांगा, किती प्यालात?"

"दोन आणि तीन, पाच."

"पाच!" अव्वा मटकन पायरीवर बसल्या.

"दोन लिंबू, तीन ताक! तुझ्या आईवडिलांनीच पाजलं की!"

मग तिनं सगळं सांगितलं. लाल डोळे, ओरडणं, अप्पांच्या गळ्यात पडणं, गाडी ह्या टोकाची त्या टोकाला नेणं, सासूला उठवणं बसवणं. अप्पा तिला फोनवर म्हणाले होते, पोरी, त्यांना काही बोलू नको, जावई आहेत, मी ताक पाजून, झोपवून आणतो. आणि वर, असलं कुणाच्याही घरात होतं, तू मन मोठं कर!

मला असा राग आला म्हणता! मी? दारू? अहो, मी खोकल्याचं औषधसुद्धा चमचा चाटून बघतो. मी तावातावानं दिवाणखान्यातल्या फरशीच्या जोडावर उभा राहिलो आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ न सोडता चालून दाखवलं. एका पायावर उभा राहिलो. शेवटी देवघरासमोर, चपला काढून, हात जोडून शपथ घेतली की सकाळी निघताना मी जेवढा शुद्धीवर होतो तेवढाच आत्ता आहे.

अप्पा माझ्याकडं टक लावून बघत होते. माणूस चुकीचा आळ घेतल्यावर जसा ओशाळतो तसे ओशाळले असतील म्हणून मी मोठ्या मनानं म्हटलं, "जाऊ द्या अप्पा, गैरसमज होतो."

"म्हणजे सकाळपासनं तुमी शुद्धीवर होता?"

"अगदी!"

"अव्वाला खाली बसवलं, तवा बी?"

"तेव्हापण!"

अप्पा सावकाश खुर्चीत बसले. सुवर्णानं विचारलं, "मग अप्पा, काय करायचं? गाडी ठेवायची का विकायची?"

जावयाच्या तोंडावर कधी वावगा शब्द न काढलेल्या त्या माणसानं माझ्याकडं बघितलंच नाही. लेकीचा हात हातात घेतला आणि म्हणाले,

"पोरी, रस्ताभर मी मनाला समजावत होतो, पिऊन हायत, दारू काय आज न्हाय उद्या सुटंल. आता शुद्धीवरच असे हायत म्हटल्यावर, गाडी इकून काय उपयोग?"