कुणाशी बोलायलीस?

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे तिथे नेमकं काय शिकवतात, याबद्दल घरच्यांना पहिल्यापासून थोडी शंका होती. मला त्याचा राग येत नसे. मलाही कधी कधी तीच शंका यायची.

ताडकळसला आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. मी रोज सकाळच्या बसने परभणीला जाते. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी मला उभं करून स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला सांगितली. माझ्या तोंडून नाव निघालं आणि पुढे काहीच निघेना. तास संपल्यावर त्यांनी जवळ बोलावलं. म्हणाल्या, "नुसतं वाचून बोलता येत नाही. सकाळी उठल्यापासून जे जे करतेस, ते करता करता इंग्रजीत सांगत जा. मनात नाही, तोंडाने."

मी तसं करायला लागले. हौदातून पाणी काढताना ‘आय ॲम फिलिंग द बकेट’. चुलीपाशी ‘आय ॲम मेकिंग टी’. आम्ही लिंगायत; आमच्यात सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय कोणी अन्नाला शिवत नाही, आणि पूजेला बसल्यावर कोणी कोणाशी बोलत नाही. तेवढा वेळ सोडला तर मी सारखी काहीतरी पुटपुटत असे. लाज वाटायची म्हणून आवाज अगदी बारीक ठेवायचे. पुढचा सगळा घोळ त्या बारीक आवाजाने केला.

एका सकाळी मी न्हाणीत कपडे पिळत होते. बाहेर काकू अंगण झाडत होती. झाडूचा आवाज मधेच थांबला. मी गप्प झाले, तसा झाडू पुन्हा सुरू झाला. मी बोलायला लागले, की पुन्हा थांबला. असं दोनतीनदा झालं आणि मी उरलेले कपडे न पिळताच बादलीत टाकले. मी काही वाईट करत नव्हते, तरी टाकले.

बाहेर आले तर काकू दारातच.

"कुणाशी बोलायलीस गं?"

"कुणाशी न्हाई काकू. इंग्रजी बोलायची सवय करायलेय."

"न्हाणीत?"

"सगळीकडंच."

"हं," काकू म्हणाली आणि माझ्या ओढणीखाली, कानाकडे बघितलं.

मी चोरून कोणाशी तरी फोनवर बोलते, असं दुपारपर्यंत आप्पांच्या कानावर गेलं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, फार बोलत नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो दुकानाच्या गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं.

आता सगळं मिटेल असं मला वाटलं. फोनच नाही म्हटल्यावर मी कोणाशी बोलते हा प्रश्नच उरत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी निर्धास्तपणे पाणी भरत बोलत राहिले. तीच माझी चूक झाली.

"भाऊजी, फोन तर तुमच्यापाशी हाय," काकू दुकानात जाऊन म्हणाली, "मग ही अजून बोलायलीय ती कशावर? बटनाचा बारका एखादा असंल. लपवायला काय लागतंय."

माझी गादी उचलून बघून झाली. संध्याकाळी बॅग उघडली तर पुस्तकं मी लावली होती त्या क्रमाने नव्हती. कोणी बघितली ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघायला लागले. आईच्यासुद्धा.

माझा बसचा पास संपत आला होता. मी ते सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बघू. या महिन्यात काढायचा का न्हाई ते बघू."

‘बघू’ म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं. पास नाही म्हणजे कॉलेज नाही.

त्या रात्रीच्या जेवणात आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरगी स्वतःशी बोलायली तर एवढं काय झालं? तुमी सकाळी तळहाताकडं बघून ओठ हलवता, तवा आमी इचारतो का कुणाशी बोलायलात म्हणून?"

आप्पांनी ताटातला हात थांबवला. "देवाची अन् इंग्रजीची गोष्ट एक करू नको."

 मला तर आईने हे बोलायलाच नको होतं असं वाटलं. पण आप्पांनी त्या रात्री दुसरी भाकरी घेतली नाही.

अडचण अशी होती की माझ्या बाजूने साक्ष द्यायला घरात कोणीच नव्हतं. मी ‘बादली भरतेय’ म्हणते की कोणाला ‘बसस्टँडवर भेट’ म्हणते, हे ओळखणारं माणूसच नाही. मी खरं सांगत होते, आणि ते खरं आहे हे फक्त मलाच कळत होतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशी आप्पांनी मला पुढे बोलावलं. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

दुकानात नवा काटा आणला की आप्पा त्याच्यावर लगेच माल तोलत नाहीत. एक किलोचं वजन घेऊन ते मधे ठेवतात, कडेला ठेवतात, चारी कोपऱ्यांत फिरवतात. कुठेही ठेवलं तरी आकडा तोच यायला हवा. नाही आला तर काटा परत. मला काय करायला सांगतायत हे कळलं, तेव्हा मला तो काटाच आठवला.

"मी करतो ते तू तुझ्या इंग्रजीत सांग," आप्पा म्हणाले.

त्यांनी साखर तोलली. मी सांगितलं. गुळाची भेली फोडली. गुळाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना, मी ‘गूळ’च म्हटलं. काकू म्हणाली, "हे तर मलाबी येतंय." त्यांनी उदबत्ती लावली, गोणीचं तोंड बांधलं, मिठाचे पुडे मांडले. मग त्यांनी तीच कामं उलटसुलट करायला घेतली. आधी गोणी, मग साखर, मग परत गोणी. प्रत्येक काम झालं की डोळे मिटून ऐकत होते. साखरेला दर वेळी साखरेचाच आवाज येतो का आणि गोणीला गोणीचा, एवढंच तपासत होते.

मग ते हात खाली सोडून नुसते उभे राहिले. मी गोंधळले. आप्पा म्हणाले, "सांग की."

"माय फादर इज स्टँडिंग."

"काय म्हणलीस?"

"तुमी नुसते उभे ऱ्हायलात, असं म्हणलं."

"उभा न्हाई," आप्पा म्हणाले. "शंका घ्यायलोय. ते कसं म्हणतेत?"

मला ते बोलायला जड गेलं. "माय फादर इज डाउटिंग मी."

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग गल्ला उघडला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"बोलायचं तर मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "पुटपुटायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पासही काढून आणला. काकूचं समाधान झालं नाही. "घरात मोठ्यानं बोलंल, बसमधी काय बोलती कुणी ऐकलंय?" असं ती अजून म्हणते. ‘आंट’ म्हणजे आपणच हे मात्र तिला आता पक्कं ठाऊक आहे. तो शब्द आला की आतल्या खोलीतूनसुद्धा ओरडते, "माझं काय काढलीस गं?" मग मला मराठीत सगळं सांगावं लागतं.

मोठ्याने बोलायला लागल्यापासून माझी जीभ थोडी सुटली. वर्गात चारातली तीन वाक्यं तरी जमायला लागली. पण मन पूर्वीसारखं मोकळं झालं असं म्हणता येणार नाही. पाणी भरताना मी अजून दाराकडे बघते.

परवा बघितलं तर आप्पा तिथे होते. अंघोळ झालेली, कपाळाला भस्म, पूजेला बसायच्या आधीचे. नुसते उभे. मला जुना राग आला. बादली खाली ठेवून मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "माय फादर इज डाउटिंग मी."

त्यांनी ते ओळखलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "आज शंका न्हाई घ्यायलो. आज नुसता ऐकायलोय. ते कसं म्हणतेत?"

मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते खरं बोलत होते की नाही, ते मला सांगता येणार नाही.

"लिसनिंग," मी म्हणाले.

त्यांनी तो शब्द एकदा ओठातल्या ओठात म्हणून बघितला, आणि पूजेला आत गेले.