माझ्या खांद्यावर तिची परीक्षा

गेल्या वर्षी माझा उजवा हात संपावर गेला. खांद्याच्या वर जायचं नाही म्हणाला. आता माझा धंदा काय, तर लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा बांधायचा. आमचे आजे-पणजे कापड रंगवायचे, छापायचे. ते रंग गेले, आमच्या वाट्याला लोकांची डोकी आली. आणि डोकं खांद्याच्या वर असतं, एवढं शाळा न शिकताही मला माहीत.

हुणसूरच्या एका लग्नात मी नवरदेवाला म्हणलं, "स्वल्प वाका." तो वाकला. "अजून थोडं." अजून वाकला. नवरीकडच्यांना वाटलं, पोरगा कोणा मोठ्या माणसाच्या पाया पडतोय. त्यांनी नवरीलाही आणून वाकवली. मी आशीर्वाद दिला. डाव्या हातानं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता बुटके नवरदेव शोधणार का दवाखाना?"

बुटके मिळेनात, म्हणून दवाखाना. फिजिओच्या मॅडम पुण्याच्या, लग्न होऊन म्हैसूरला आलेल्या. त्यांचं मराठी इस्त्रीचं, आमचं धुऊन दोरीवर टाकलेलं, मधेमधे कन्नडचे डाग. त्यांनी माझा हात कुठवर जातो ते बघितलं, काय काय करायचं ते ठरवलं आणि मला त्यांच्या असिस्टंट पोरीच्या हवाली केलं. पद्धत अशी, की मॅडमनी ठरवायचं, पोरीनं करून घ्यायचं. पोरीनं मनानं काही वाढवायचं नाही. काही वेगळं दिसलं तर थांबायचं आणि मॅडमना सांगायचं. आमच्या घरात माझा हुद्दा साधारण हाच आहे. फक्त मला थांबायचं कळत नाही.

पोरगी आमच्यातलीच, रोज नंजनगूडहून रेल्वेनं यायची. तिच्या मराठीत शब्द कमी, हुकूम जास्त. "मामा, हात. मामा, वर. मामा, नाटक साकु." साकु म्हणजे पुरे. हा शब्द ती माझ्यासाठी भरपूर वापरायची. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं, पालीसारखं. पाल वर पोचायची, मी मधेच लटकायचो.

शेजारच्या पलंगावर टीचरअक्का. निवृत्त शिक्षिका, गुडघा बदललेला, हातात काठी. आयुष्यभर पोरांना सरळ उभं केलं, आता स्वतः वाकडी चालत होती. हे मी तिला बोललो, तर तिनं काठी उचलून दाखवली. हाताला काही झालं नव्हतं तिच्या.

एक दिवस पोरगी गप्प. हुकूमसुद्धा नाहीत. अक्कानं खोदून विचारलं, तेव्हा कळलं. शनिवारी मॅडम बाजूला उभ्या राहून तिचं काम बघणार होत्या. हात कसा धरते, पेशंटशी कशी बोलते, कुठं थांबते, सगळं. जमलं तर बोगादीला दवाखान्याची नवी खोली उघडत होती, ती हिच्या हाती. मॅडम दिवसातून एकदा येऊन बघून जाणार. नाही जमलं तर परत पुढच्या काउंटरवर.

"परत गरम पिशव्या अन् फोन," ती म्हणाली. "फोन कोणपण उचलतं, मामा. एवढं शिकून पिशव्या भरायच्या?"

आता परीक्षा या विषयात माझा अनुभव काय? दुसरीत गुरुजींनी पाढा विचारला आणि मी पाणी प्यायला गेलो, तो अजून परतलो नाही. त्यामुळे सल्ला द्यायला मीच पुढे. ती आत गेल्यावर मी अक्काला म्हणलं, "हे बघा, पोरगी दाखवायचा कार्यक्रम असतो ना, तसंच हे. पाहुणे आले की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करायचं? चांगलं बोलायचं. पोरगी भांडखोर असली तरी म्हणायचं, गाय आहे. आपण तिचे शेजारी."

"म्हणजे काय करायचं?"

"बरं व्हायचं. शनिवारपुरतं."

अक्का शिकलेली बाई. तिला हे पटायला नको होतं. पण पोरीवर माया, म्हणून पटलं. मूर्खपणाला माया मिळाली की शिक्षण आडवं येत नाही, हे मी तेव्हा बघितलं.

शनिवारी सकाळी मी डबा उघडून दाढदुखीच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या काढल्या. बायको बघत होती.

"दाढ दुखते?"

"नाही. खांदा."

"मग खांद्याची घ्या."

"गोळीला काय कळतं कुठं जायचं ते?"

"तुम्हाला तरी कुठं कळतं," ती म्हणाली आणि कुकर लावला.

एक मी घेतली, एक खिशात टाकली. दवाखान्याच्या पायरीवर ती अक्काला दिली, प्रसादासारखी. तिनं डोळे मिटून गिळली, तीही प्रसादासारखी.

आधी अक्काचा नंबर. तिनं काठी दाराच्या मागं ठेवली आणि खिडकीपर्यंत अशी चालली, जणू दसऱ्याच्या मिरवणुकीत पुढं आहे. चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं. मॅडम पोरीला म्हणाल्या, "छान प्रगती आहे. काठी सोडवू या का?" पोरगी अक्काच्या तोंडाकडं बघत होती, पायाकडं नाही. दारामागून काठी आणली, अक्काच्या हातात दिली आणि तिला बसवलं. मला वाटलं, घाबरली. म्हणलं, आता मीच वाचवतो.

"काका, दुखतंय का?" मॅडमनी विचारलं.

"छे. दुखणं म्हणजे काय तेच विसरलो. हिच्या हाताला गुण आहे."

"हात वर करा बघू."

मी केला. गोळी आतून ढकलत होती आणि मी बाहेरून. हात वर जात होता तसा मी डावीकडं कलत होतो, नदीकाठच्या नारळासारखा. पण हात वर दिसत होता, कानाच्याही वर. मी मॅडमकडं बघून हसलो. जन्मात पहिल्यांदा परीक्षेत हात वर केला होता.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "दुखत नाही, हात पूर्ण वर जातोय. मग आज वजन द्यायचं?" हे त्यांनी पोरीला विचारलं, अगदी साध्या आवाजात. वाळूची पिशवी समोरच होती.

मी मान डोलावली. दे म्हणलं. पिशव्या भरण्यापेक्षा उचलायला लावणं बरं.

पोरगी पिशवीकडं गेली नाही. माझ्या मागं आली, पाठीच्या फऱ्यावर हात ठेवला. "मामा, परत. पाठ भिंतीला लावून."

"झालं की आता एकदा."

"पाठ भिंतीला."

भिंत हा फार वाईट साक्षीदार. पाठ टेकवली आणि नारळ होता येईना. हात निघाला, खांद्याच्या जरासा वर गेला आणि थांबला, हुणसूरच्या लग्नात थांबला होता त्याच्या थोडं पुढं. मी ढकलला. दात आवळले, पण हसू ठेवलं. दोन्ही एका तोंडात मावत नाहीत.

"मामा, गोळी खाल्ली?"

"देवाशप्पथ नाही." खरं सांगतो, तिच्यासाठीच बोललो. देवाला नंतर समजावता आलं असतं.

"खाल्ली," टीचरअक्का पलंगावरून म्हणाली. नोकरीभर कॉपी पकडलेली बाई, सवय सुटत नाही. "मलापण दिली."

पोरीचा चेहरा असा उतरला, मला वाटलं रडणार. रडली नाही. अक्काकडं वळून तिनं पटापट विचारलं, कुठली गोळी, बीपीची सकाळी घेतली का, पोटात जळजळतंय का. अक्का म्हणाली, "जळजळतंय, पण मला वाटलं लाजेनं."

मग ती मॅडमसमोर उभी राहिली आणि कन्नडमध्ये बोलली, हळू पण सरळ. आज मी वजन देणार नाही. मामा अंग कलवून हात वर नेतात, आणि गोळीमुळं कुठं दुखतं ते त्यांनाच कळत नाही. अक्काचं आजचं चालणंपण धरू नका, आणि त्यांना दुसऱ्याची गोळी गेली आहे, ती तुम्ही बघा, ते माझं काम नाही.

मॅडम आधी अक्काकडं गेल्या, तिच्या डॉक्टरांना फोन लावला. मला वाटलं, बुडाली पोरगी. दोन पेशंट, दोन्ही चोर, आणि चोर हिनंच शिकवले असं दिसणार. म्हणून फोन संपल्यावर मी शेवटचा उपाय केला. "मॅडम, पोरगी गुणी आहे. चूक आमची. घरचीपण चांगली, स्वयंपाक येतो..."

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बसता का?"

बसलो. पोरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरी गेलो तर गोळीचा जोर उतरला आणि खांदा असा ठणकला की भात डाव्या हातानं कालवला. सगळं ऐकून बायको म्हणाली, "काय, शेजारी? मुलगी पसंत पडली का?"

सोमवारी गेलो, तर पोरगी काउंटरवर. फोन कानाला. गेली, म्हणलं. माझ्यामुळं गेली पिशव्यांत. मी तिथंच उभा राहिलो, आत जायचा धीर होईना. तिनं फोन ठेवला.

"पोरी, मी मॅडमला सांगतो..."

"बेडा," ती म्हणाली. नको. "तुम्ही कोणाला काही सांगू नका, मामा. कधीच नाही." मग माझ्या हातात एक किल्ली ठेवून परत काढून घेतली. फक्त दाखवायला. बोगादीची.

"मग फोनवर काय करतेस?"

"काउंटरवरची पोरगी चहाला गेली."

मॅडमना काय आवडलं ते अक्कानं नंतर सांगितलं. तिनं म्हणे सरळ विचारलंच. मॅडम म्हणाल्या, हात तर तिचा आधीपासून चांगला होता. मला बघायचं होतं की पेशंट गोड बोलला, वर मीही हो म्हणलं, तरी ही थांबते का. म्हणजे वजनाचं विचारणं खोटं होतं. मी एकटाच तिथं खरं मानून बसलो होतो.

आता मी बोगादीला जातो. बस बदलावी लागते, पण तिनं सांगितलंय, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडं पाठवणार नाही, दुसऱ्यांना तुम्ही माहीत नाही. हात थोडा वाढलाय. बसलेल्या नवरदेवाला पेटा बांधता येतो, उभ्याला अजून नाही. आत शिरलं की बाकीच्यांना ती विचारते, कसं आहे, रात्री झोप लागली का. मला काही विचारत नाही. चप्पल काढायच्या आधी बोट दाखवते, आणि मी जाऊन पाठ भिंतीला लावतो.