फुकट नंबर आणि कोकिळाबेनचा फोन

मंडळी, मला जरा सल्ला हवाय.

आमच्या डिंडोलीच्या घरी फोन नाही. अर्जावर मी शेजारच्या गुजराती कोकिळाबेनचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून देते. गेल्या महिन्यात एका नोकरीच्या अर्जाचं उत्तर त्यांच्या फोनवर आलं आणि त्यांनी दारातूनच हाक मारली, “बेटा, नोकरी ना मळी ने?” नकार आधी गल्लीला कळला, मग मला.

आता अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज करतेय. म्हणून आज सायबर कॅफेत इंटरनेटवर तिकडचाच एक फुकट नंबर घेतला. त्यावर ठेवलेला निरोप थेट माझ्या ई-मेलमध्ये येतो. पण नंबर देणाऱ्या कंपनीनं वय, घरचं उत्पन्न, लग्न, सगळं विचारलं. माहिती जाहिरातवाल्यांना देऊ, असंही लिहिलं होतं. मी भरून टाकलं.

हे ऐकून आई म्हणाली, “कोकिळाबेन निदान तोंडवर इचारस. या कोन शेतस?”

हे लोक कोण, या तिच्या प्रश्नावर अडून मी अर्जातला फोनचा रकाना अजून कोरा ठेवलाय. तुम्ही अर्जावर कुठला नंबर लिहिला असता?