झोपेत थांबणारा श्वास

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली आणि शाईच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ खाली आली की समजायचं, तुमच्या रक्तातला प्राणवायू कमी झाला. रात्रभर ती अशी खाली-वर होत होती. झोपेत तुमचा श्वास थांबतो, बाई."

या आजाराला ते स्लीप ॲप्निया म्हणाले. झोप लागली की गळ्यातला मऊ भाग सैल पडतो आणि हवेची वाट बुजते. जीव गुदमरतो, माणूस अर्धवट जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं त्याला काही आठवत नाही.

"घरच्यांनी कधी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

घरचं कोणी नव्हतं. मी भामरागडच्या अलीकडे एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. लग्न केलं नव्हतं. आईवडील वारले होते. भाऊ होता, पण त्याचं आणि माझं फारसं पटत नसे. एकट्या माणसाचं घोरणं कोण ऐकणार?

दोन वर्षांपासून थकवा होता. नऊ तास झोपूनही उठताना अंग शिशासारखं जड वाटायचं. डोकं दुखायचं. फळ्यावर बेरीज लिहितालिहिता डोळे मिटायचे. सगळ्यांना आधी मलेरियाच वाटला. रक्त तपासलं, गोळ्या खाल्ल्या. मग रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. थकवा तसाच.

एकदा खुर्चीवर बसल्या बसल्या मला गाढ झोप लागली आणि नेमके त्याच दिवशी पंचायत समितीचे साहेब शाळेत आले. त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली की बाई मोहाची घेतात. वडिलांनी धम्म स्वीकारला, दारूला न शिवण्याचं शील घेतलं, त्या वर्षी मी पहिलीत होते. दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांनी मला शिकवलं. दारूचा थेंबही मी कधी चाखला नव्हता. पण हे कोणाला आणि कसं सांगायचं? मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. "मला झोप आवरत नाही," एवढंच लिहिता आलं. ते वाचून मलाच लाज वाटली.

पावसाळा संपून रस्ता सुरू झाला तेव्हा पायांवर सूज होती. चंद्रपूरच्या दवाखान्यात मला भरती केलं. शेजारच्या खाटेवर मूल गावाकडची एक सून होती. तिची सासू यमुनाबाई दिवसभर उशाशी बसून असे. तिसऱ्या दिवशी दुपारी मला जाग आली तर ती माझ्या खाटेजवळ उभी.

"बाई, तुमी झोपेत मरून राह्यल्या नं परत येऊन राह्यल्या," ती म्हणाली. "मी मोजलं. वीस-वीस आकडे होतेत, तरी दम नाई येत. मले लय भेव वाटलं."

मी हसण्यावारी नेलं, पण तिनं नाही. राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांना तिनं हात धरून थांबवलं. "भाऊ, या बाईले झोपली असताना पाहा." दुसऱ्या दिवशी दुपारी ते घड्याळ घेऊन खरंच माझ्याजवळ बसले. त्यांनीच चिठ्ठी लिहून मला नागपूरला पाठवलं.

तिथे कानाच्या पाळीला चिमटा लावून रात्रभर प्राणवायू मोजला. माझे टॉन्सिल मोठे होते, ते काढले. कुशीवर झोपायला आणि वजन कमी करायला सांगितलं. मी सगळं केलं. भात अर्ध्यावर आणला. पाठीवर वळू नये म्हणून पोलक्याला मागून कापडाची गाठ शिवली. दीड महिन्यानं पुन्हा मोजलं, तर रेघ थोडीच सुधारली होती. थकवा मात्र होता तेवढाच.

तुमच्यावरही ही वेळ आली तर एक सांगते. पहिल्या उपचारानं बरं वाटलं नाही म्हणजे आपलंच काही चुकलं, असं मानू नका. मी तसंच मानलं होतं.

त्या काळी यापुढे एकच उपाय उरत होता, ट्रॅकिऑस्टॉमी. म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवायची. दिवसा नळीला बूच लावायचं, झोपताना ते काढायचं.

"मी शिकवते," मी म्हटलं. "आवाज जाईल?"

"बूच लावलं की बोलता येईल. पण नळी रोज साफ करावी लागते. घरी कोण करेल?"

"मीच."

संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. भावाला तार केली होती. त्याचं पत्र आलं: धानाची मळणी सुरू आहे, येणं जमत नाही. शेवटी मी सही केली आणि साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या सिस्टरनं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या सकाळी डोळे उघडले आणि मी डोकं दुखायची वाट पाहत पडून राहिले. ते दुखलंच नाही. खिडकीची जाळी स्पष्ट दिसत होती. मी जागी होते, पूर्ण जागी. रडू फुटलं, पण आवाज निघेना. सगळी हवा नळीतूनच बाहेर जात होती. भरलेल्या वॉर्डात मी रडत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

सिस्टरनं आरसा धरून नळी काढायला, उकळायला, पुन्हा बसवायला शिकवलं. आठवड्याभरात सवय झाली.

शाळेत परतल्यावर मुख्याध्यापकांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. "आधी काऊन नाई सांगितलं, बाई?" ते म्हणाले. मलाही आधी माहीत नव्हतं, हे त्यांना सांगितलं. त्यांनी खुलाशाचा कागद फाइलीतून काढून मला परत दिला.

गळ्याभोवती मी पातळ रुमाल बांधते. जोरात ओरडता येत नाही, त्यामुळे मुलंच जवळ येऊन बसतात.

त्याआधी, गावी परतले त्या पहिल्या दिवशी, बूच काढून घरात एकटीनं झोपायची हिंमत होईना. नळी बुजली तर हाक मारायला आवाजही नाही. दुपारी शेजारच्या रैनीबाईकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे असं काही मागत होते.

"मी झोपते. तोवर माझ्याजवळ बसशील?"

ती पळसाची पानं घेऊन आली, भिंतीला टेकून पत्रावळी लावत बसली. मी बूच काढलं आणि आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन दारातून भिंतीवर चढलं होतं, आणि ती तिथेच बसली होती.