सीटखालची तार

खंडेनवमीच्या सकाळी मी गवत कापायचं मशीन धुतलं. पात्यावरचं वाळलेलं गवत खुरप्यानं खरवडलं. चाकांतला चिखल काढला. ऑइलची पट्टी पुसून पाहिली. सीट लख्ख केली. मग साहेबांच्या घरच्या बाई पूजेचं ताट घेऊन आल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "हिला आधी बाजूला घ्या. आता हात लावू देऊ नका."

सकाळपासून त्या मशीनला माझेच हात लागले होते.

मी मेंदीच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. साहेबांनी नारळ फोडला. मशीनला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. प्रसाद देताना बाईंनी पेढा वरून टाकला. तो मातीत पडला. मी उचलला, पदरात बांधला. खाल्ला नाही. टाकलाही नाही.

अंबड रस्त्यावरच्या एका कारखान्याचं ते गेस्ट हाऊस. पुढं मोठं लॉन. मशीन लहान ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं. मुकादम बसायचा. मी आणि कौसाक्का पुढं चालत दगड, काचा, खिळे वेचायचो. कौसाक्का आमच्या बौद्ध वस्तीतलीच, शेजारची. मला कामाला तिनंच लावलं होतं.

मशीन नवं आलं तेव्हा औरंगाबादहून मेकॅनिक आला होता. मुकादम तंबाखू मळत इकडं तिकडं बघत होता. मी त्याचे पाने-पक्कड धरून उभी होते. मेकॅनिक सांगत होता, "सीटखाली बटन आहे. माणूस उठला की पातं थांबलंच पाहिजे. दर आठवड्याला बघायचं. नाही थांबलं तर मशीन चालवायचं नाही."

शाळेत कविता पाठ व्हायची तसं मला ते पाठ झालं. कौसाक्कालाही मीच सांगितलं. "आक्का, मुकादम उठला की पातं थांबतं. मंगच जवळ जायचं."

त्या खंडेनवमीला सीट पुसताना मी ती उचलली. खालचं बटन तारेनं दाबून बांधलेलं होतं. खड्ड्यात मुकादम सीटवरून उसळला की बटन सुटून मशीन बंद पडायचं, तो वैतागायचा. त्यानं तार बांधली.

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी पूजा झाल्यावर मुकादमाकडं गेले.

"मामा, सीटखाली तार बांधली हाय. मेकॅनिक म्हणला होता..."

"तू मला शिकवाया लागली का?" सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला. "शाळा किती झाली गं तुझी?"

"चौथी."

"घ्या साहेब, चौथी पास इंजिनेर! उतरतो मी, हिलाच बसवा सीटवर."

साहेब हसले. बाई हसल्या.

मीही हसले. खाली बघत, पदर तोंडावर धरून, त्यांच्याबरोबर हसले.

घरी जाताना कौसाक्कानं विचारलं, "काय म्हणला गं मुकादम? सगळे खिदळत होते."

"काय न्हाई," मी म्हणाले.

मला लाज वाटली होती. माझा अपमान पुन्हा माझ्या तोंडानं सांगायचा नव्हता. तेवढ्यासाठी मी तारेचंही सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मशीन काढलं. हार अजून वरच होता, सुकलेला. गवत ओलं होतं. कापलेलं गवत मशीनमधून बाहेर पडतं त्या तोंडाशी ते अडकून बसलं. मुकादम मशीन तसंच चालू ठेवून उतरला आणि गेटवर कुणाशी तरी बोलायला गेला. मी पुढं लांब दगड वेचत होते. कौसाक्का अडकलेलं गवत काढायला वाकली.

तो उठला होता. म्हणजे पातं थांबलं असणार.

मीच सांगितलं होतं तिला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

काही दिवसांनी कौसाक्काला, आणि साक्षीदार म्हणून मला, ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक कागद होता. साहेब म्हणाले, "दवाखान्याचं आम्ही बघितलं ना? आता अंगठे लावा अन् मिटवा." मुकादमानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. कौसाक्कानं पट्टीतला हात उचलला. राहिलेला अंगठा पुढं केला.

"थांबा, आक्का."

तो माझा आवाज होता. मी कागद ओढला आणि अडखळत, मोठ्यानं वाचला. "चालू मशीनमध्ये... हात घालू नये असे... वारंवार... बजावूनही..."

"हिला वाचता येतंय की," मुकादम म्हणाला. जणू माझ्याकडं चोरीचा माल सापडला.

मी म्हणाले, "सीटखाली तार बांधली होती. ते ह्यात न्हाई."

साहेबांचा आवाज चढला. "तू शिकवणार का आता आम्हाला?"

"हो."

त्यांचाच पेन उचलला. कागदाच्या खाली लिहिलं: बटन तारेने बांधले होते. मी पाहिले. मुकादमाला सांगितले. पुढं माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं ओळीवरून खाली घसरली. कौसाक्कानं हात मागं घेतला होता.

गेटबाहेर ती थांबली.

"तुला तार ठाऊक होती?"

"हो."

"खंडेनवमीला?"

"हो."

ती पुढं चालू लागली. डावा हात उजव्याखाली धरून. मी हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिनं बोलावं म्हणून मी कधी विनवलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम गेलं. त्याचं मला दुःख नाही. दुःख खंडेनवमीच्या वाटेवरच्या त्या दोन शब्दांचं आहे. माझ्यावर हसले ते त्यांचं पाप. गप्प राहिले ते माझं.

आता जिथं कामाला जाते तिथं आधी बघते, आणि बघितलेलं चार माणसांत तोंडानं सांगते. कुणी हसलं तर मी हसत नाही. आणि कुणी विचारलं, काय झालं, तर काय न्हाई असं ह्या तोंडातून पुन्हा निघणार नाही.