गाडीला जोडलेलं घर

माझ्या घराला मीटर नाही. कुणी विचारलंच तर मी अंगणात उभी असलेली गाडी दाखवते आणि म्हणते, हेच माझं मीटर आणि हीच माझी डीपी. पाहुणा आधी हसतो, मग खिडकीतून आत गेलेली वायर त्याला दिसते आणि तो वाकून वाकून गाडीकडे बघायला लागतो. एका पाहुण्याने तर चपला काढून वायरीला हात लावला होता.

गाडी विजेवरची आहे. तिला जिथे चार्जिंग लावतात त्याच तोंडात एक जाडजूड अडॅप्टर बसतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला साधा प्लगपॉइंट असतो. गाडीच्या पोटात साठलेली वीज तिथून बाहेर येते आणि तिच्यावर माझ्या दोन खोल्या चालतात. दोन पंखे, चार दिवे, एक लहान फ्रिज, मिक्सर, फोन. गिझरचं नाव काढायचं नाही. वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्सला मी बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे वायरिंग मी स्वतः केलं. गावातला वायरमन एकदा बघायला आला, त्याने टेस्टर लावला तर दोन्ही तारांवर तो मंद पेटला. "ताई, ह्यात न्यूट्रलच नाय," असं म्हणून तो दोन पावलं मागे सरकला आणि चहा न घेताच गेला. गाडीच्या विजेचं असंच असतं, हे त्याला समजावून सांगायची संधीच त्याने दिली नाही.

हौस म्हणून मी हे केलं असं लोकांना वाटतं. हौस कसली! हे सगळं एका सहीमुळे झालं.

दौलताबादच्या अलीकडे वडिलांची जमीन आहे. वडील गेले आणि सातबाऱ्यावर आईचं, माझ्या धाकट्या भावाचं आणि माझं अशी तीन नावं लागली. त्यानंतर आमच्याकडे एक कागद येतो, त्याला हक्कसोड म्हणतात. बहीण गाडीत बसून रजिस्ट्रार ऑफिसला जाते, दाखवतील तिथे सही करते, भाऊ सगळ्यांना हॉटेलात जेवू घालतो आणि बहीण आपल्या घरी परत जाते. जमीन भावाची होते. किती बायकांनी अशी सही केली ते मला विचारू नका, न केलेली एखादी माहीत असेल तर तिचा पत्ता द्या, मी भेटायला जाईन.

मी सही केली नाही. लग्न मोडल्यावर सिडकोत वीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली होती. खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. मला माझी जागा हवी होती, आणि ती कायद्याने माझी होती. वाटणीत वरचं खडकाळ रान माझ्याकडे आलं, भावाच्या सीताफळांच्या पलीकडचं. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले, आणि मी तिथे पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. मग विजेसाठी अर्ज केला. तार माझ्यापर्यंत यायची तर एक खांब सीताफळांच्या बागेत उभा राहणार होता. वीज ऑफिसातला माणूस बिचारा सरळ होता. म्हणाला, "भावाची ना-हरकत आणा, बाकी मी बघतो."

भाऊ बागेत पाणी धरत होता. मी विचारलं तर त्याने हातातलं फावडंसुद्धा खाली ठेवलं नाही.

"ताई, तुला राहायला कोण नाय म्हणतंय? मरेपर्यंत राहा. खांब मीच टाकून देतो. तू फक्त तेवढी सही कर."

"सही केल्यावर मी कुणाच्या घरात राहीन?"

"भावाच्याच की!"

हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की मला त्याच्यावर धड चिडताही येईना. माझा भाऊ दुष्ट नाही. याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. मला ताप आला तर पहिला तोच धावत येईल. पण बहिणीला जे द्यायचं ते त्याला स्वतःच्या मर्जीने द्यायचं होतं, आणि मला ते मर्जीने नकोच होतं. घर तेच, खांब तोच, दिवाही तोच, पण सही केली की मी पाहुणी होणार होते. मी म्हटलं, "मग राहू दे तुझा खांब."

तो काकांना म्हणाला होता, "पत्र्याखाली एक उन्हाळा काढू द्या. ताई आपोआप खाली येतीय." काकांनी ते माझ्या कानावर घातलं. त्याच आठवड्यात मी गाडी बुक केली. तापट स्वभावाचा आयुष्यात मला झालेला हा एकमेव फायदा असावा.

आता लोक विचारतात, सोलार का नाही? येईल, सोलारही येईल. पण त्याला बॅटरी लागतेच, आणि माझी बॅटरी चार चाकांवर अंगणात उभी आहे. पडेगावजवळ रस्त्यालगत एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंग आहे. कामावरून येताना मी तिथे थांबते, चहा पिते, आणि लोक टँकरने पाणी आणतात तशी मी वीज भरून घरी आणते. माझ्या घराचा हिशेब किलोमीटरमध्ये चालतो. फ्रिज रोज पडेगावपर्यंतचा रस्ता खातो. दोन पंखे मिळून त्याच्याही पुढे छावणीपर्यंत जातात. मी कामावर गेले की घर बंद पडतं, म्हणून फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या आणि दूध उरवायचं नाही. एकदा उरवलं होतं, त्याचं पनीर झालं. खाल्लं.

तो उन्हाळा मी काढला. सोपा होता असं मी म्हणणार नाही. पत्रा दुपारी असा तापायचा की रविवारी घरात असले तर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची. पण पंखा फिरत होता, आणि खाली बागेतून ते दिसत होतं.

आई भावाकडे राहते. रविवारी दुपारी लाइट गेली की ती बांध ओलांडून माझ्याकडे यायची आणि पंख्याखाली लवंडायची. डोळे मिटून म्हणायची, "करून टाक की सही. भाऊ तुटंल मपला... तुपला." 'माझा' म्हणता म्हणता तिची जीभ 'तुझा'वर यायची. मी म्हणायची, "आई, ज्याच्या वाऱ्याखाली झोपलीस त्या पंख्याची तरी लाज ठेव." ती हसायची, पण पुढच्या रविवारी परत तेच. मला त्याचा राग यायचा. आपल्या आईने आपल्या बाजूने एकदा तरी बोलावं असं पन्नाशीतही वाटतं, हे मी कबूल करते.

मग भाचीचं लग्न ठरलं. भावाची एकुलती एक मुलगी. हळदीच्या आदल्या दिवशी गावची डीपी, म्हणजे सगळ्या गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आता ती बदलून येईपर्यंत किती दिवस जातील हे देवालाही सांगता येत नाही, आणि ऐन लग्नसराईत जनरेटर कुठून मिळणार? हळदीच्या दिवशी सकाळी सकाळी भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. बांध ओलांडून आत आला नाही.

"ताई, गाडी आणतीस का खाली?"

माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं. ते सगळं गिळून मी म्हटलं, "बोअरची मोटार झेपणार नाही. पाण्याला टँकर सांग. बाकी मी बघते."

गाडी त्याच्या अंगणात लावली. दोन कूलर, माइक, मांडवातले पंखे, स्वयंपाकाकडचा मिक्सर. एकाच वेळी सगळं लावलं तर गाडी हात वर करते, म्हणून मी खुर्ची टाकून तिच्याजवळच बसले. त्या दिवशी जी ऐट मी केली ती मला कधी विसरायची नाही. आचारी येऊन विचारायचा, "आत्या, वाटण वाटू का?" मी म्हणायची, "थांब, आधी एक कूलर बंद करू दे." ज्या बायका मला 'भावाच्या जमिनीवर बसलेली' म्हणायच्या, त्या माझ्याकडे फोन चार्जिंगला लावायला देत होत्या. मी सगळ्यांचे लावले.

भाचीला हळद लागली आणि आहेर सुरू झाले. भावाने मला पाटावर बसवलं. भावजयीने कुंकू लावलं, ओटी भरली, मोरपंखी रंगाची पैठणी मांडीवर ठेवली. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात काका पुढे सरकले आणि त्यांनी पैठणीवर एक कागद ठेवला. वर पेन.

"चांगला दिवस हाय," काका म्हणाले. "भावानं बहिणीचा मान केला, आता बहिणीनं भावाचा करावा. चार माणसांत सही होऊन जाऊ दे. ऑफिसचं सोमवारी बघू. मंग खांबाचंबी मार्गी लागतंय."

हळदीच्या पाटावरून उठून भांडणारी बाई कुणी पाहिलीय? नाही म्हणायला जागाच उरू नये म्हणून हा दिवस निवडला होता. भाऊ खाली मान घालून उभा होता. त्याला लाज वाटत होती, ते मला दिसलं. पण कागद त्याने उचलला नाही. समोरच्या रांगेत आई बसली होती, तिनेही मान खाली घातली.

सगळ्यांचे डोळे आता गाडीकडे गेले. ही उठणार, वायर उपटणार आणि मांडव बंद पाडणार असंच त्यांना वाटलं असणार. काकांनी तर एका पोराला खुणेने वायरीपाशी उभं केलं. खरं सांगते, तो विचार माझ्या मनात आला होता. हात शिवशिवत होता.

मी कागद उचलून काकांच्या हातात परत दिला.

"सकाळपासून तुमचा मांडव माझ्या विजेवर चाललाय, काका. वायर ओढताना मी कुणाची सही मागितली का?"

कूलर घरघरत होता. मी पुढे म्हटलं, "ही वीज हळद होईपर्यंत राहील. उद्या लग्नालाही येईल. सही मात्र आजही नाही आणि सोमवारीही नाही. भाऊ माझा आहे, आणि जमीनही माझी आहे. दोन्हीतलं एक निवडायला मला परत कुणी सांगू नका."

आवाज चिरकला माझा. चिरकू दे. मी पैठणी काखेत मारून गाडीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि आचाऱ्याला ओरडून सांगितलं की आता मिक्सर लाव. काकांनी कागदाची घडी घातली. भावाने येऊन माझ्यासाठी जेवणाचं ताट स्टुलावर ठेवलं, आणि तसाच उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ते त्याला जमलं नाही आणि मीही मदत केली नाही. खांब अजून आलेला नाही.

दुपारी पाहुणे पांगल्यावर आई माझ्या शेजारी येऊन जमिनीवर बसली. मला वाटलं, आता परत तेच सुरू करणार. तिने पैठणी मागून घेतली, पदर उलटा करून बघितला, आणि हाताने सपाट करत बसली.

"मपल्या भावांनीबी मला अशीच नेसवली व्हती," ती म्हणाली. "हिरवी. मंग कागद पुढं केला, अंगठा दे म्हणले. मी दिला."

"तुला वाचता येत नव्हतं ना आई. कुणी सांगितलं नाही कशाचा कागद आहे ते?"

"मी इचारलंच नाय गं," आई म्हणाली. "मला वाटलं, साडी मिळाल्याची पावती आसंल."